मल्टीएनएमए: वेगवेगळ्या ट्रायलमधली औषधं तोलायची असतील तर हे पॅकेज वापरून बघाच

आर या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, पण मुद्दा बाकीच्यांनाही कळेल. अ औषध एका ट्रायलमध्ये प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) तपासलं, ब दुसऱ्या ट्रायलमध्ये, अ आणि ब समोरासमोर कधी आलेच नाहीत. मग दोघांचे प्लासिबोवरचे फायदे घ्यायचे आणि वजाबाकी करायची, ही बुचर यांची 1997 ची पद्धत, अजूनही सर्रास चालते. पण एकीकडे वजनदार, आधीच बरीच औषधं घेऊन झालेले पेशंट आणि दुसरीकडे नवखे असतील, आणि त्यानेच औषधाचा परिणाम कमीजास्त होत असेल, तर त्या वजाबाकीला काय अर्थ राहिला?

त्यावर 2010 मध्ये एमएआयसी (मॅचिंग-अ‍ॅडजस्टेड इनडायरेक्ट कंपॅरिझन, म्हणजे पेशंट जुळवून केलेली अप्रत्यक्ष तुलना) आली. आपल्या ट्रायलच्या पेशंटना असं वेटेज द्यायचं की त्यांची सरासरी समोरच्या ट्रायलशी जुळते. आयडिया चांगली, पण उत्तर मिळतं ते समोरच्या ट्रायलमधल्या लोकांपुरतं, आणि पेशंट फारच वेगळे असले की इफेक्टिव्ह सँपल साइज (वेटेजनंतर खरोखर कामाला येणाऱ्या पेशंटचा आकडा) धाडकन खाली येतो. खरी गंमत म्हणजे दोन कंपन्यांनी त्याच दोन ट्रायलवर आपापला डेटा घेऊन एमएआयसी केली तर दोघींचं औषध जिंकू शकतं, आणि गणित दोघींचंही बरोबर! कारण प्रत्येकीचा निकाल वेगळ्या लोकांबद्दल असतो, हे मात्र कुणी ठळक लिहीत नाही.

मल्टीएनएमए मला आवडलं ते नेमकं इथे. आतली पद्धत एमएल-एनएमआर (मल्टीलेव्हल नेटवर्क मेटा-रिग्रेशन, अनेक ट्रायल एकत्र जोडणारं मॉडेल), फिलिपो आणि सहकाऱ्यांची, 2020 ची. ज्या ट्रायलचा पेशंटवार डेटा आहे तो तसाच घेते, जिची फक्त छापील सरासरी आहे तिच्यासाठी पेशंटचं वितरण मांडून त्यावर इंटिग्रेशन (सगळ्या शक्य पेशंटवर मिळून हिशोब) करते, नुसती सरासरी मॉडेलमध्ये कोंबत नाही. आणि शेवटी कुठल्या लोकसंख्येसाठी उत्तर हवंय ते तुम्ही ठरवता, समोरची ट्रायल नाही.

सोबत सोरायसिसचं उदाहरण दिलंय, त्यावरच हात साफ करा. इक्सेकिझुमॅब या औषधाच्या अनकव्हर नावाच्या ट्रायल पेशंटवार, सेक्युकिनुमॅब या औषधाची फिक्स्चर ही ट्रायल सारांश स्वरूपात, मध्ये दुवा म्हणून प्लासिबो आणि एटानर्सेप्ट हे तिसरं औषध. आजाराची वर्षं, आधीची सिस्टेमिक ट्रीटमेंट, किती त्वचा व्यापली, वजन, सोरायसिससोबतचा संधिवात, एवढे पाच फरक हिशोबात. वजनाला गॅमा वितरण, हो-नाही अशा उत्तरांना बर्नुली वितरण, सगळं एका फंक्शनमध्ये बसतं, वाचायलाही सोपं.

आता कुरकुर. आतून स्टॅन (बेझियन मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो म्हणजे मोठ्या नेटवर्कला वेळ लागणारच, आणि बेझियन स्टॅटिस्टिक्स अजिबात माहीत नसेल तर प्रायर (आधीचा अंदाज), कन्व्हर्जन्स (गणित स्थिरावलं का) बघून घाम फुटेल. डेटा कमी असला की एकाच वर्गातल्या औषधांवर त्या फरकांचा परिणाम सारखाच होतो असं धरावं लागतं, ते इथे चालतं कारण इक्सेकिझुमॅब आणि सेक्युकिनुमॅब दोन्ही आयएल-17ए हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारी आहेत, दुसरीकडे डोळे मिटून धरू नका. पेपरात जे फरक छापलेच नाहीत ते कुठलंच पॅकेज आणून देणार नाही. आणि सिंगल-आर्म (तुलनेचा गटच नसलेली) ट्रायल, मध्ये दुवाच नाही, अशी केस घेऊन येत असाल तर थांबा, तिथे निकालावर असर करणारी प्रत्येक गोष्ट जुळवावी लागते, नाइस या ब्रिटनमधल्या औषध-मूल्यमापन संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शिकेतही ही अट पूर्ण होणं फार अवघड असंच म्हटलंय.

फुकट आहे, क्रॅनवर (आरच्या पॅकेजच्या अधिकृत साठ्यावर) आहे. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो स्पीडचा.