तिकीट, व्हिसा झकास पण यलो फीव्हरचं ज्ञान यांच्याकडनं घेऊ नका (विश्रामबाग, सांगली)

5 पैकी 3 स्टार. ट्रॅव्हल एजन्सीचं नाव टाकत नाही, ऑफिसातली पोरं चांगली आहेत आणि मला भांडण नकोय.

आमचे मिस्टर साखर कारखान्यात केमिस्ट, सध्या युगांडात काँट्रॅक्टवर आहेत, म्हणून मी, लेक आणि सासूबाई अशा तिघींचं जायचं ठरत होतं. तिकीट यांनी स्वस्तात बसवलं, व्हिसाचा फॉर्म बिनचूक भरला, फोन केला की उचलतात, आणि मुंबईला एअरपोर्टपर्यंत गाडीची सोय पण करून दिली. इथवर पैकीच्या पैकी मार्क.

घोळ सुरू झाला तो लसीवरनं. युगांडाच्या व्हिसाला यलो फीव्हर या डासानं पसरणाऱ्या आजाराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतंच, आणि ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरवरच मिळते. यांनी पुण्याची अपॉइंटमेंट काढून दिली ते बरंच केलं, पण तारीख तिकिटाच्या अगदी तोंडावरची! विचारलं तर म्हणे, "मॅडम ती नुसती फॉर्मॅलिटी असते हो, शिक्का पडला की झालं." अहो शिक्क्याचं काय घेऊन बसलात, अंगात ताकद तयार व्हायला वेळ लागतो म्हणून तर कार्ड लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं. शेवटी मीच मागे लागून तारीख आधीची करून घेतली. तुम्ही पण लवकर बघा, कारण एक बाटली उघडली की त्यातनं बऱ्याच जणांना देतात आणि ती काही तासांत संपवावी लागते, म्हणून सेंटरवाले माणसं जमवून ठरलेल्या वारीच बोलावतात.

सासूबाईंचं तर विचारूच नका. वय 67, आणि ऑफिसवाले म्हणतात "आजींचं पण उरकून टाकू की." सेंटरवरच्या डॉक्टरबाईंनी आधी सगळ्यांना बसवून विचारलं, अंड्याची ॲलर्जी आहे का, गरोदर आहात का, काही मोठा आजार, चालू गोळ्या कुठल्या. लसीत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो आणि ती कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून हे प्रश्न. साठीच्या पुढं पहिल्यांदाच घेणाऱ्याला त्रासाचा धोका जास्त, क्वचितच होतो पण झाला तर गंभीर होतो. त्यांनी नीट समजावलं, मग सासूबाईंनीच सांगितलं मी सांगलीतच बरी. तिकीट रद्दचे पैसे ऑफिसने मात्र कुरकुर न करता परत दिले, हे पण लिहायला पाहिजे.

आणि यांच्या पत्रकात अजून "दर 10 वर्षांनी रिन्यू" असं छापलंय, त्याचा वेगळा चार्ज! जुलै 2016 पासून एकदा घेतलेलं कार्ड आयुष्यभर चालतं, जुनी कार्डं सुद्धा. त्या पोराला दाखवलं तर म्हणाला "सरांना सांगतो". सांगितलं असेल नसेल.

फॉर्मॅलिटी म्हणणाऱ्यांसाठी सांगते, हा आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला, आणि पसरवतो कोण तर आपल्याकडं डेंग्यू पसरवतो तोच एडिस डास. ताप, डोकं, पाठ भरून येणं, उलट्या. बहुतेक जण तीन-चार दिवसांत बरे होतात, पण काहींना एखादा दिवस बरं वाटून परत उलटतो, कावीळ होते, रक्त जायला लागतं, आणि तसं झालेल्यातले जवळपास निम्मे 7 ते 10 दिवसांत दगावतात. यावर खास औषध नाही. आपल्याकडं डास आहे पण आजार नाही, म्हणून तिकडनं कार्ड नसताना मुंबईत उतरलात तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, कारण लागण झाल्यावर ताप यायला साधारण 3 ते 6 दिवस लागतात.

आणखी एक, यांनी मलेरियाचा म शब्द काढला नाही. यलो फीव्हरची लस मलेरियाला चालत नाही, त्याच्या गोळ्या वेगळ्या, डॉक्टरला विचारूनच घ्यायच्या. एडिस दिवसा चावतो आणि मलेरियाचा डास रात्री, म्हणजे नुसत्या मच्छरदाणीवर भागत नाही, फुल बाह्या आणि क्रीम दिवसभर पाहिजेच.

मला आणि लेकीला हात दुखण्यापलीकडं काही झालं नाही. पुण्याला जाताना ओरिजिनल पासपोर्ट न्या, नंबर कार्डावर लिहितात, आणि तिथंच उभं राहून एकेक आकडा जुळवून घ्या, लेकीच्या कार्डावर एक चुकला होता तो लगेच दुरुस्त करून दिला.