टाचेतल्या रक्ताची टेस्ट आणि इथल्या सिस्टर

बहिणीची डिलिव्हरी नाशिकच्या याच हॉस्पिटलमध्ये झाली. डॉक्टर चांगले आहेत ते आधीच्या रिव्ह्यूंमध्ये लोकांनी लिहिलंच आहे, मला लिहायचंय ते एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) आणि वॉर्डमधल्या सिस्टरांबद्दल, कारण भाच्याला जी-सिक्स-पीडी डेफिशियन्सी (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम जन्मतःच कमी असणं) आहे हे कळल्यावर आमच्या घराला खरं सावरलं ते त्यांनी.

न्यूबॉर्न स्क्रीनिंग म्हणजे बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब जाड फिल्टर पेपरवर घेतात आणि त्यावरून थायरॉइड, जी-सिक्स-पीडी, सीएएच (अॅड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार) असे आजार लक्षणं दिसायच्या आधीच पकडतात. बऱ्याच ठिकाणी हे काम डिस्चार्जच्या घाईत उरकतात. ओळखीतल्या एका बाळाचं दुसरीकडे पहिल्याच दिवशी सॅम्पल घेतलं, टीएसएच (थायरॉइड तपासायला बघतात ते हार्मोन) जास्त आला, घरचे पार हादरले आणि रिपीट केल्यावर नॉर्मल निघाला, कारण जन्मल्या जन्मल्या तो सगळ्याच बाळांचा वाढलेला असतो. इथे सिस्टरांनी सरळ सांगितलं, ४८ तास झाल्याशिवाय घेणार नाही, ४८ ते ७२ च्या मधे घेऊ. आणि घेताना बहिणीला म्हणाल्या बाळाला पाजायला घे, तो दूध ओढत असतानाच टाच कोमट कपड्याने शेकली, मधे न टोचता कडेला टोचलं, पहिला थेंब पुसून टाकला आणि मग कागदावरचा एकेक गोल शांतपणे भरला. बाळ थोडं कुरकुरलं, बास.

कावीळ चढत होती म्हणून फोटोथेरपी (बाळाला निळ्या लाइटखाली ठेवतात ती) लागली, त्यात जी-सिक्स-पीडीचा रिपोर्ट आला आणि बहीण रडायलाच लागली. डॉक्टरांनी आजार समजावला, पण घरी गेल्यावर काय करायचं, काय टाळायचं ते सगळं सिस्टरांनी. आईने बाळंतविड्याची जुनी मऊ झबली-टोपरी कपाटातून काढून आणली होती, सिस्टरांनी एक झबलं नाकाला लावलं आणि पिशवीच बाहेर ठेवायला लावली. "आजी, डांबर गोळीचा वास येतोय, हे ह्याला चालणार नाही. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ एकदम वाढते आणि मेंदूला धोका होतो." आम्हाला कुणाला हे माहीत नव्हतं, आणि डांबर गोळ्या कुणाच्या कपाटात नसतात सांगा! मेहंदीसुद्धा लावायची नाही, मनाने कुठलं औषध द्यायचं नाही, आणि पाजतेय तोवर बहिणीनेही विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. फाइलच्या कव्हरवर लाल पेनने आजाराचं नाव लिहून दिलं, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे दाखवा म्हणाल्या. कावीळ ट्यूबलाइटमध्ये बघू नका, खिडकीपाशी उजेडात कपाळ आणि छाती बोटाने दाबून बघा, तळपायापर्यंत पिवळं दिसलं तर फोन करत बसू नका, थेट घेऊन या, हेही बहिणीकडून तिथेच करून घेतलं.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा दोष एक्स क्रोमोसोमवरून येतो, म्हणजे मुलाला आईकडून, आणि आईला स्वतःला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो. हे कळल्यावर घरात कोण काय बोलेल याची बहिणीला धास्ती होती. सिस्टरांनी तिच्या सासूबाईंना आणि दाजींना समोर बसवून सांगितलं की यात हिचा काही दोष नाही, हे कुणाच्या हातात नसतं, आणि एवढी पथ्यं पाळली तर पोरगं इतर मुलांसारखंच वाढणार. सासूबाईंनी निवांत प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं मिळाली. त्यानंतर घरात तो विषयच निघाला नाही.

स्टार एक कमी देतेय तो बिलिंगमुळे. ही टेस्ट डिलिव्हरीच्या पॅकेजमध्ये नाही आणि ते आधी कोणी सांगत नाही, त्यामुळे काही लोक शेवटी पैसे बघून नको म्हणतात, हे अजिबात व्हायला नको. नाव नोंदवतानाच विचारून घ्या. आणि रात्री वॉर्डात सिस्टर कमी आहेत, मॅनेजमेंटने अजून माणसं घ्यावीत, आहेत त्यांच्यावर फार लोड येतो.