किनाऱ्यावरच्या मुक्कामाला: कार्ट्रिजची शेगडी की ५ किलोचा सिलिंडर?

भाच्याने विचारलं, "मामा, गुहागरला तंबूत दोन रात्री राहायचंय, कुठली शेगडी नेऊ?"

खरा प्रश्न वाऱ्याचा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की कार्ट्रिजच्या, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर चालणाऱ्या शेगडीची ज्योत आडवी पडते, चहालाही ताटकळावं लागतं. आडोसा हवाच, पण चहूबाजूंनी गच्च लावू नकोस. कार्ट्रिज तापून फुटू शकतं. सिलिंडरच्या डोक्यावरचा बर्नर जोरकस, पण उंचीमुळे भाताचं मोठं पातेलं डोलतं. वाळूत खाली फळी घालच.

कार्ट्रिजमधल्या इंधनांपैकी ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतं, प्रोपेन उणे ४२ला. त्याहून थंडीत त्यांचा वायू होत नाही, शेगडी पेटत नाही. म्हणून हिमालयात प्रोपेन लागतं. कोकणात त्यासाठी जादा पैसे मोजू नकोस.

साधारण २३० ग्रॅमचं कार्ट्रिज किलोमागे महागच पडतं. खाऱ्या हवेने दोन्ही गंजतात. बर्नरच्या भोकांत वाळू अडकली की ज्योत पिवळी होते, पातेल्याला काजळी धरते. जुन्या टूथब्रशने झाड. रेल्वेत दोन्हींना बंदी.

तंबूच्या आत कुठलीच पेटवू नकोस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोघांचा चहा-मॅगीचा बेत असेल तर कार्ट्रिज. सहा जणांना सुरमईचं कालवण-भात हवा आणि सोबत गाडी असेल, तर सिलिंडर.