रंग गळला की उडाला? आधी भिंग घ्यावं की यूव्ही दिवा

टपालाच्या तिकिटावर पिवळा रंग दिसत नाही. देणारा म्हणतो, छपाईतच गळलाय, अस्सल एरर, म्हणजे छापखान्यातली चूक आहे. आपल्या मनात मात्र शंका, की उन्हानं उडाला असेल, किंवा कुणीतरी मुद्दाम उडवला असेल. हे घरी तपासायला पहिला खर्च चांगल्या भिंगावर करावा की यूव्ही (अतिनील) दिव्यावर, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. माझी सुरुवात दिव्यापासून झाली. आज हात आधी भिंगाकडे जातो. तुमच्या संग्रहाचा रोख वेगळा असेल तर उत्तर थोडं बदलेलही, पण माझा अनुभव असा.

दिव्याचं श्रेय आधी देतो, कारण ते खरंच मोठं आहे. रसायनात बुडवलेलं तिकीट तो चटकन दाखवतो. ब्लीचनं कागदाची चमक मरते, पुसलेल्या शिक्क्याची सावली वर येते, खरवडलेली जागा वेगळी उमटते. फॉस्फर, म्हणजे यूव्हीखाली चमकणारं द्रव्य, असलेल्या तिकिटांना तर तो हवाच. ब्रिटनमध्ये फॉस्फरच्या पट्ट्या 1959 पासून आल्या. अमेरिकेची टॅग केलेली (असंच चमकणारं द्रव्य लावलेली) हवाई टपालाची तिकिटं लघुलहरी (254 नॅनोमीटरच्या) दिव्याखाली तांबूस-नारिंगी चमकतात, बाकीची हिरवट-पिवळी. जे चमकायला हवं ते चमकत नसेल, तर टॅगिंगच चुकलंय की तिकिटावर काही प्रयोग झालाय, हे बघायला लागायचं.

एकरंगी जुन्या तिकिटांच्या बाबतीतही भिंगाची मजल कमी पडते. स्वीडनचं 1855 चं तीन स्किलिंगचं तिकीट निळसर हिरवं असायला हवं होतं, ते आठ स्किलिंगच्या पिवळ्या रंगात छापलं गेलं. त्याच्या खरेपणावर 1970 च्या दशकात शंका घेतली गेली आणि फेरतपासणीत ते अस्सल ठरलं. अशा तिकिटात रंग पूर्ण हजर असतो, फक्त चुकीचा असतो. तिथे भिंगातून पाहून निकाल देणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. ते काम शाई आणि कागद प्रयोगशाळेत तपासणाऱ्यांचं.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मन फिरलं ती सांगतो. पाकिटावरची तिकिटं मी पाण्यात भिजवून काढतो, सगळेच काढतात. आजकालच्या पांढऱ्याशुभ्र पाकिटांच्या कागदात चकाकी आणणारं द्रव्य असतं, आणि ते पाण्यात उतरतं. असं एक पाकीट भांड्यात पडलं की सोबतची सगळी तिकिटं ते द्रव्य शोषून घेतात. वाळल्यावर नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही, दिव्याखाली मात्र निळसर पांढरी पेटतात. एकदा मी माझ्याच हातानं भिजवलेली तीसेक तिकिटं दिव्याखाली धरली. निम्म्याहून जास्त तिकिटं कुणीतरी धुतल्यासारखी चमकली. त्यांच्यावर काहीही झालेलं नव्हतं, मी स्वतः साक्षीदार होतो. तरी सगळी 'संशयित' म्हणून बाजूला काढावी लागली. वापरलेल्या तिकिटांत दर वेळी हेच. अंधार करा, डोळ्यांवर चष्मा चढवा, आणि शेवटी कळतं ते एवढंच की कागदाला कधीतरी काहीतरी लागलंय.

याच्या उलटंही झालं, आणि ते जास्त लागलं. एका पक्ष्याच्या तिकिटावर चोच पांढरी होती, जिथे ती पिवळी असते. साध्या तिकिटाशेजारी ठेवून दिव्याखाली धरलं, दोन्ही कागद अगदी सारखे चमकले. मी अस्सल समजून वर्षभर अल्बमच्या पहिल्या पानावर ठेवलं. नंतर तज्ज्ञांकडे पाठवलं, तर 'प्रकाशानं फिकट झालेलं' असा शेरा मारून परत आलं. बरोबरच होतं ते. उन्हानं शाई मेली होती, पण कागदाची चमक जशीच्या तशी राहिली होती. दिव्याला त्यातलं काही दिसलं नाही.

त्यानंतर 30 पट भिंग घेतलं आणि तेच तिकीट पुन्हा पाहिलं. चोचीत खसखशीहून कितीतरी बारीक, जेमतेम पिवळट असे छपाईचे ठिपके रांगेत उभे होते. कॅटलॉगवाले रंग गळल्याची नोंद करताना हेच पाहतात: त्या रंगाचा एकही ठिपका शिल्लक असता कामा नये. शाई कमी लागून फिकी उठलेली प्रत वेगळी आणि रंग गळलेली वेगळी. 10 पट भिंगात असे मेलेले ठिपके सुटून जातात, म्हणून मी 30 वर ठाम आहे.

पांढऱ्या कागदावर फिकट पिवळा शोधणं डोळ्यांना जड जातं. त्यावर उपाय निळ्या प्रकाशाचा. पिवळी शाई निळा प्रकाश गिळते, त्यामुळे निळ्या एलईडीखाली तेच ठिपके करडे होऊन उठून दिसतात. किरमिजी रंगाला हिरवा प्रकाश, आकाशी निळ्याला लाल. हे कळलं त्या दिवशी मी जुने तीन अल्बम पुन्हा पालथे घातले आणि दोन 'एरर' स्वतःच बाद केले.

भिंगासोबत शेजारी एक साधं, ताजं तिकीट हवंच. पिवळा छपाईत गळला असेल तर बाकीचे रंग त्या साध्या तिकिटाइतकेच तजेलदार असतात, आणि जिथे जिथे पिवळ्यावर निळा चढून हिरवा व्हायचा तिथे सगळीकडे निळाच दिसतो. ऊन एवढं काटेकोर नसतं. पिवळ्यासोबत ते बहुधा गुलाबीलाही थोडं खातं, आणि शेजारच्या तिकिटाखाली दबलेल्या कडेला मूळ रंग जपून ठेवतं. ती कड भिंगाखाली धरली की बऱ्याचदा तिथेच प्रकरण मिटतं.

शीटची कड जोडलेली असेल तर नशीबच. बऱ्याच ब्रिटिश शीटच्या कडेला प्रत्येक शाईचा एकेक गोल ठिपका छापलेला असतो. गळलेल्या रंगाचा ठिपकाही तिथे नसेल आणि जागा कोरी असेल, तर माझा जीव भांड्यात पडतो. सोनेरी रंग गळल्याचं मात्र मी सुट्या तिकिटावरून कधीच मानत नाही, तो काढून टाकता येतो. एकमेकांना जोडलेल्या दोन तिकिटांत एक पूर्ण आणि एक बिनसोन्याचं असेल, तरच पुढे विचार.

नारिंगी तिकीट तपकिरी झालं असेल तर दोन्ही साधनं बाजूला ठेवा. शिसंयुक्त शाईवर हवेतल्या गंधकाची क्रिया होऊन ती काळवंडते, आणि सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडनं पुष्कळदा मूळ रंग परत येतो. फक्त किमती तिकिटावर हा प्रयोग नको.

तेव्हा फॉस्फर आणि टॅगिंग हाच तुमचा विषय असेल, तर दिवा घ्या, आणि 365 व 254 नॅनोमीटर दोन्ही लहरी देणारा घ्या. बहुरंगी छपाईतले गळलेले रंग शोधत असाल, तर माझ्या मते आधी 30 पट भिंग, एक निळा एलईडी आणि त्याच तिकिटाची एक साधी प्रत. माझ्याकडे ती पांढऱ्या चोचीची प्रत अजून आहे. नवीन कुणी शिकायला आलं की भिंगाखाली पहिली तीच ठेवतो आणि ठिपके मोजायला सांगतो.