बसवून मिळालेली ब्रॉडहेड आणि पॉलिशखालची लबाडी

बाणाच्या लाकडी दांडीवर ब्रॉडहेड, म्हणजे धारदार पाती असलेले टोक, बसवणे वरवर पाहता सोपे असते. दांडीच्या टोकाला 5 अंशांचा निमुळता उतार द्यायचा, त्यावर ब्रॉडहेडची पोकळ नळी चढवायची आणि उष्णतेने वितळणाऱ्या डिंकाने ती पक्की करायची. एवढे काम स्वतः करण्याचा मी कंटाळा केला आणि तो मला महागात पडला.

एका विक्रेत्याकडून ब्रॉडहेड बसवलेल्या बारा दांड्या मी मागवल्या. पिसे मी लावणार होतो. लाकूड पोर्ट ऑर्फर्ड सीडरचे आहे, सर्व दांड्यांचा स्पाइन (म्हणजे ताठपणा, जो धनुष्याच्या ताकदीप्रमाणे पौंडांत सांगतात) 45 ते 50 पौंडांच्या आत आहे आणि वजनात 10 ग्रेनपेक्षा (सुमारे 0.65 ग्रॅम) अधिक फरक नाही, असे त्याने लेखी कळवले होते. गडद पॉलिश केलेल्या त्या दांड्या दिसायला देखण्या होत्या, हे मान्य केले पाहिजे.

चार दांड्यांना पिसे लावून मी ते बाण फोमच्या लक्ष्यावर सोडले, तर चौघांनी चार वाटा धरल्या. साध्या टोकाचे माझे जुने बाण त्याच धनुष्यातून तळहाताएवढ्या जागेत लागत असूनही दोन दिवस मी स्वतःच्या हातालाच दोष देत राहिलो. ब्रॉडहेडची पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या अंगाला बसवलेले पंखच असतात. ती किंचित तिरकी असली तरी वारा धरतात आणि मागच्या पिसांना जुमानत नाहीत, तर साध्या टोकाचा तेवढाच तिरकेपणा बहुधा खपून जातो.

तिसऱ्या दिवशी एकेका बाणाचे टोक फळीवर टेकवून मी तो भिंगरीसारखा फिरवला आणि नजर सांध्यावर ठेवली. नीट बसवलेल्या टोकाचा सांधा फिरताना स्थिर दिसतो. इथे बारांपैकी नऊ सांधे लहानसे वर्तुळ काढत होते. मग एक टोक तापवून काढले (उष्णता धातूला द्यायची, लाकडाला नव्हे). आतला उतार एका बाजूला चपटा झालेला, नळीच्या तळापर्यंत न पोचणारा, आणि उरलेली पोकळी डिंकाने भरून काढलेली. पॉलिश खरवडल्यावर लाकडाच्या रेषा दांडीच्या कडेने तिरप्या बाहेर पडताना दिसल्या. अशी दांडी बाण सोडतानाच चिरू शकते आणि तिची फाक धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. ताज्या कापलेल्या पोर्ट ऑर्फर्ड सीडरला आल्यासारखा उग्र वास येतो. माझ्या हातातल्या भुशाला कसलाच वास नव्हता.

स्पाइन तपासायला 26 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर दांडी ठेवून तिच्या मध्यावर 2 पौंड वजन टांगावे, ती किती इंच लवते ते मोजावे आणि 26 ला त्या आकड्याने भागावे. 0.52 इंच लवणारी दांडी 50 पौंडांची. पिसे न लावलेल्या आठांपैकी एक 0.45 इंच लवली आणि दुसरी 0.74, म्हणजे साधारण 58 आणि 35 पौंड.

विक्रेत्याचे उत्तर होते, "लाकूड म्हटले की ते थोडे वाकणारच." यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते फसवे आहे. दमटपणाने दांडी वाकते आणि हाताने सरळही करता येते, पण तो बाक दांडीच्या लांबीभर दिसतो. तिरका कापलेला उतार मात्र फक्त सांध्यापाशी उघडा पडतो. पुढे त्याने कळवले की पिसे चिकटवलेला, खरवडलेला किंवा टोक काढलेला माल परत घेतला जात नाही. म्हणून माल हाती येताच, पिसांचा डिंक उघडण्याआधी, भिंगरी, वजन आणि लवचिकता या तिन्ही तपासण्या कराव्यात. त्यांपैकी कशानेही दांडीवर ओरखडा उठत नाही.

पाच दांड्यांच्या रेषा सरळ निघाल्या. त्यांचे उतार मी नव्याने कापले. नळीत पेन्सिलीची पूड चोळून ती उतारावर दाबली आणि डाग चहूबाजूंनी सारखा उठेपर्यंत लाकूड घासत राहिलो. उरलेल्या सात दांड्या मोडून टाकल्या, कारण त्या दुसऱ्या कुणाच्या धनुष्यावर चढायला नको होत्या.