वेताची जाळी सांगून प्लास्टिक बसवलं, बडोदेकरांनो जरा सांभाळून

बडोद्यात सध्या जुन्या खुर्च्यांना वेताची जाळी बसवून देणारे बरेच जण फिरतायत, इन्स्टावर फोटो टाकतात, घरी येऊन माप घेऊन जातात, त्यातल्याच एकाने आम्हाला साडेतेरा हजारांची टोपी घातली म्हणून हे सविस्तर लिहितेय. लांबलंय थोडं, पण खुर्च्या द्यायच्या असतील तर वाचाच.

आमचं घर दांडिया बाजारात. सहा सागवानी खुर्च्या, आजेसासऱ्यांच्या वेळच्या, म्हणजे सयाजीराव महाराज होते तेव्हाच्या. लाकूड एकदम ठणठणीत पण बैठकीची जाळी सगळ्यांचीच फाटलेली. हल्ली त्या चंदीगडच्या खुर्च्यांमुळे सगळ्यांनाच वेत हवाय, पिअर जानरे या स्विस आर्किटेक्टने १९५० च्या दशकात तिथल्या सरकारी ऑफिसांसाठी केलेल्या सागवान-वेताच्या खुर्च्या आता परदेशात लिलावात लाखांनी जातात, आणि हा माणूस दारात पाय ठेवल्या ठेवल्या तेच बोलला, "बेन, आ तो चंदीगडवाळो माल छे, बहुत कीमती." म्हणजे आधी तुमच्याच खुर्चीची स्तुती, मग रेट.

सॅम्पल त्याचं अस्सल होतं, हे नीट लक्षात घ्या. हातभर जाळीचा तुकडा काढला, परातीत पाणी मागितलं, तुकडा त्यात बुडवला, चहा-पाणी गप्पा होईपर्यंत तो चांगला मऊ झाला, मग बोटाभोवती गुंडाळून दाखवला. "ओरिजनल नेतर छे, प्लास्टिक होय तो पाणी न पीये." नेतर म्हणजे वेत, आणि हे अगदी खरं आहे. वेत म्हणजे ताडामाडाच्या कुळातली चढणारी वेल, तिच्या वरच्या सालीच्या पट्ट्या काढून ही जाळी विणतात, साल पाणी शोषते, प्लास्टिक नाही शोषत. खरी परीक्षा स्वतःच शिकवून गेला आणि ती दिली फक्त सॅम्पलची. रोल आमच्यापुढे उघडलाच नाही कधी, "वर्कशॉपमां सारी फिटिंग थशे" म्हणून खुर्च्या छोटा हाथी टेम्पोत घालून घेऊन गेला.

वर आणखी एक थाप, की मी कच्चा वेत डायरेक्ट इंडोनेशियातून मागवतो आणि इथे विणून घेतो. अहो, इंडोनेशियाने २०१२ पासून कच्चा वेत बाहेर पाठवणंच बंद केलंय! विणलेली जाळी किंवा तयार फर्निचर येतं तिथून, कच्चा माल नाही. आपल्याकडे आसाम, अंदमान, केरळमध्ये होतो की वेत, पण "इंडोनेशिया" म्हटलं की भाव वाढतो ना.

आता हिशोब बघा त्याचा. बैठक १८ बाय १८ इंच. त्याने प्रत्येक खुर्ची २४ बाय २४ धरली, म्हणजे चार स्क्वेअर फूट, सहाची चोवीस, त्यावर २५ टक्के वेस्टेज, झाले तीस, ४५० चा रेट, १३,५०० रुपये. ८,००० ॲडव्हान्स यूपीआयने, बाकीचे खुर्च्या आल्यावर. ही जाळी खरं तर ठरलेल्या रुंदीच्या रोलमध्ये येते आणि लांबीवर विकतात. २४ इंची रोल घेतला तर खुर्चीमागे २० इंच लांबी पुरते, चारी बाजूंनी इंच-इंच जास्त धरून, म्हणजे सहा खुर्च्यांना दहा फूट, झाली वीस स्क्वेअर फूट. वेस्टेज त्याच्यातच आलं की! ते दोनदा लावलं आणि वर त्याला "डिस्काउंट रेट" म्हणाला.

खुर्च्या आल्या तेव्हा दिसायला झकास. फक्त सासूबाईंनी एक उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, ही खालून पण एवढी चकचकीत कशी?" कारण वेताची साल वरून गुळगुळीत चमकदार आणि आतल्या बाजूने भुरी, खडबडीत असते, शिवाय रंग कुठे फिका कुठे गडद, मधेच एखादी गाठ. ही आपली दोन्हीकडून सारखी आणि एका रंगाची. तो म्हणे, "बा, ट्रीटेड माल छे, एटले." भिजवून बसवली का विचारलं तर म्हणे ट्रीटेडला भिजवायची जरूरच नाही. हे वाक्य कोणी बोललं ना तर तिथूनच त्याला नमस्कार करा. अस्सल जाळी भिजवूनच बसवतात, ओली असताना चौकटीच्या खाचेत दाबतात आणि वाळताना ती आखडून तंग होते, सगळं गणितच त्याच्यावर आहे.

मे महिन्यात, बडोद्याचा मे तुम्हाला माहितीये, बैठका पोट सुटल्यासारख्या खाली लोंबायला लागल्या. फोन केला तर उचलला बरं का तोपर्यंत, आणि सांगितलं काय, तर खालून ओलं फडकं फिरवा आणि वाळू द्या, तंग होईल. हा उपाय पण खराच आहे, वेत सैल पडला तर असंच करतात. आम्ही केलं, रात्रभर ठेवलं, ढिम्म. दुसऱ्यांदा फोन केला तो काही लागला नाही, अजून लागत नाही.

मग मांडवीकडचे एक म्हातारे कारागीर आमच्या शेजाऱ्यांनी आणले, जन्मभर हेच काम केलेले. त्यांनी खुर्ची उलटी केली, नखाने कडेची पट्टी उचकटली, खाली सगळ्या स्टेपलरच्या पिना. जाळीचा एक धागा ओढून काढला आणि काडी पेटवून धरली. धागा आखडला, वितळून टोकाला काळा मणी झाला आणि तो टपकन फरशीवर पडला, वास जळक्या बादलीचा. मग स्वतःच्या पिशवीतून वेताची सालपट काढून पेटवली, ती लाकडासारखी जळली, मागे राख. बोलले काहीच नाहीत, चहा पण नको म्हणाले.

पण खरं दुःख पैशाचं नाही, खुर्च्यांचं आहे. आमच्या सहापैकी दोन खुर्च्यांच्या चौकटीला खाच होती, त्यात तयार जाळी बसते. उरलेल्या चारांना चौकटीभर ओळीने भोकं होती, म्हणजे त्या हाताने विणायच्या, एकेक पट्टी भोकातून ओवून उभी आडवी तिरपी. त्या कामाला वेळ लागतो आणि माणसं कमी राहिलीत. पूर्वी अंध मुलांच्या शाळांमधून हे विणकाम शिकवायचे, सरकारी ऑफिसांतल्या खुर्च्या त्यांच्याकडे जायच्या. या पठ्ठ्याने त्या भोकांच्या चौकटीवर सरळ राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, फिरवून खाच पाडली, भोकांवरूनच! चौकट पोखरली गेली आणि एकीला तर आतल्या कडेला तडा गेलाय. देताना खुर्ची उलटी करून स्वतः बघा, भोकं असतील तर "आता भोकांचं कोणी करत नाही" म्हणणाऱ्याला हातही लावू देऊ नका.

खाचेच्या दोन खुर्च्या आम्ही घरीच केल्या, त्या कारागीर काकांनी बाजूला बसून सांगितलं म्हणून. पिना काढल्या, खाच पातळ पटाशीने साफ केली, कारण जुना गोंद राहिला तर जाळी नीट बसत नाही. अस्सल जाळी अर्धा-पाऊण तास साध्या पाण्यात, उकळत्या नाही. चकचकीत बाजू वर, विणीची रेघ चौकटीला सरळ धरायची, आधी चारी बाजूंच्या मधोमध लाकडी पाचर ठोकून अडकवायची, मग कोपऱ्यांकडे सरकायचं. खाचेत फेविकॉलची बारीक धार, त्यावर वेताचीच गोल काडी ओली करून लाकडी हातोडीने ठोकत न्यायची, तीच जाळीला धरून ठेवते, पिना लागतच नाहीत. बाहेर आलेलं पटाशीने कापायचं. मग दोन दिवस कोणी बसायचं नाही, हे घरात मुलं असताना सगळ्यात अवघड. वाळताना मधेच करकर आवाज यायचा आणि सकाळी टिचकी मारली तर टण्ण.

तक्रारीचं विचाराल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलीये. पक्कं बिल त्याने दिलंच नव्हतं पण यूपीआयची एंट्री आणि "१०० टक्के नॅचरल केन" लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज आहे, तेवढं जपून ठेवा तुम्ही पण. पाच लाखांपर्यंत पैसे दिलेले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आमचे कागद तयार होत आलेत. भोकांच्या चार खुर्च्या सुताराकडे आहेत, चौकटी भरून पुन्हा भोकं पाडता येतात का बघतोय, तडा गेलेलीचं तो काही खात्रीने बोलत नाहीये.

आणि त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे. नंबर नवा, नाव नवं, पण फोटो आमच्याच सहा खुर्च्यांचा, मागे आमचं निळं दार आणि सासूबाईंचा वाळत घातलेला नऊवारीचा पदर. खाली लोक रेट विचारतायत. निळं दार दिसलं तर विचारू नका.