मांजरीसाठी ६ फुटी घायपाती खांब : ८ महिने वापरल्यावर

आमची भुरी दीड वर्षाची आहे. तिला नखं घासायला आणि चढायला आणलेला हा घायपाताच्या (सिसलच्या) दोराचा खांब घरात येऊन ८ महिने झाले, म्हणून आता लिहिते. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

याआधी एक अडीच फुटी खांब आणला होता, त्यावर गालिच्यासारखं कापड चिकटवलेलं. भुरी मागच्या पायांवर उभी राहून पुढचे पंजे वर ताणते तेव्हा ती स्वतःच जवळजवळ तेवढी उंच होते, त्यामुळे तिला पुरता ताण देताच यायचा नाही. कापडाच्या धाग्यांत नख अडकलं की सुटेना. त्यातून खांब हलका, ओढला की तिच्याच अंगावर कलंडायचा. दोनदा असं झाल्यावर तिने त्याचं नावच टाकलं आणि सोफ्याची पाठ धरली. तिची काहीच चूक नव्हती.

नवा खांब ३,४०० रुपयांना पडला. खाली २ फूट बाय २ फुटांचा जाड प्लायवुडचा पाट, एकूण वजन १४ किलो. पूर्ण खांबाला घायपाताचा ८ मिलिमीटर जाडीचा दोर घट्ट वेढलेला. दोराला खिळे फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला आहेत, मध्ये कुठेच नाहीत. हे मुद्दाम बघून घ्या, कारण दोर विरला की मधले खिळे उघडे पडतात आणि पंजाला लागतात.

मी ३० वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण मांजर झाडावर कसं चढतं हे नीट पाहिलं ते या खांबावर. एरवी तिची नखं आत ओढलेली असतात, हाडांना जोडणारे लवचीक पट्टे, म्हणजे अस्थिबंध, ती तशी धरून ठेवतात. चढायच्या क्षणी स्नायू कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ओढतो आणि नखं बाहेर येतात. चालताना ती जमिनीला घासत नाहीत, म्हणून टोकदार राहतात. कुत्र्याची नखं कायम बाहेर असल्यामुळे बोथट होतात. पुढची नखं आकड्यासारखी दोरात रुततात, मागचे पाय अंग वर ढकलतात, आणि भुरी ३ ढांगांत माथ्यावर असते. घायपाताचा तंतू सालीसारखा नख धरतो आणि सोडतोही. खांबाच्या पायथ्याशी नखांची पातळ टरफलं सापडतात, ती बघून घाबरू नका. वरचा जुना थर निघून जातो आणि खालून नवं धारदार नख येतं. सोफा वाचावा म्हणून कुणी मांजराची नखं काढून टाकायचा सल्ला दिला तर कृपा करून ऐकू नका. त्यात बोटाचं शेवटचं हाडच कापलं जातं.

माझी तक्रार उतरण्याबद्दल आहे. नखांचा बाक असा असतो की चढताना ती रुततात, पण डोकं खाली केलं की पकडच राहत नाही. आमच्या खिडकीबाहेर गुलमोहरावर खारी सरळ डोकं खाली करून धावतात, कारण त्यांचा मागचा पाय घोट्यात उलटा फिरतो आणि ती नखं वरच्या बाजूला सालीत अडकून राहतात. भीमाशंकरला मुलांची सहल नेली होती तेव्हा शेकरू मागच्या पायांवर उलटं लटकून फळ खाताना पाहिलं होतं, तीही याच घोट्याची करामत. मांजराला ते जमत नाही. त्याला अस्वलासारखं पाठमोरं, एकेक पाऊल खाली सरकत यावं लागतं, आणि हे पिल्लाला शिकावं लागतं.

या खांबावर माथ्याला एकच फळी आहे. पहिले काही दिवस भुरी वर बसून ओरडायची आणि शेवटी उडी मारायची. एकदा गुळगुळीत फरशीवर घसरून तिचा पुढचा पाय मुरगळला. मग आम्ही शेजारच्या भिंतीवर ३ फुटांवर एक फळी ठोकली आणि खाली जाड सतरंजी टाकली. आता ती अर्धं अंतर पाठमोरी उतरते, तिथून फळीवर येते. बनवणाऱ्यांनी ही मधली फळी खांबालाच द्यावी, ३०० रुपये जास्त घ्यावेत. फक्त याच कारणासाठी ५ पैकी ४ तारे.

दोर ५ महिन्यांत विरला, तोही फक्त २ ते अडीच फुटांच्या पट्ट्यात. ती रोज सकाळी ताण देते ती जागा तीच. नवा दोर घरीच वेढता येतो, दोघं लागतात, एकाने खांब फिरवायचा. जुना मात्र सगळा काढू नका. मांजराच्या पंजांत गंधग्रंथी असतात, आपला वास गेला तर ते खांब परका समजू शकतं. मी जुने ४ वेढे तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी भुरी बरोबर त्यांच्यावरच पंजे रोवून उभी होती.